पाहुण्यांना नाशिक दाखवायचं, पण किती?

प्रश्न: आम्ही इंदिरानगरला राहतो. दोन बेडरूमचा फ्लॅट. मी शाळेत शिकवते, हे अंबडला कंपनीत आहेत, मुलगा दहावीला, सासूबाई आमच्याजवळच असतात. दिवाळीपासून जवळजवळ दर आड रविवारी मुंबई-पुण्याहून कोणी ना कोणी येतंच. मिसळ, पंचवटी, त्र्यंबक, संध्याकाळी सुला वायनरी हे ठरलेलं. गाडी आमची, पेट्रोल आमचं, मिसळीचं बिलही आमचंच. ह्यांना नाही म्हणता येत नाही, फोनवर लगेच ‘कधीही या, घर तुमचंच आहे’ म्हणतात. सासूबाई म्हणतात, पाहुणा येणं भाग्याचं. आता पुढच्या महिन्यात, फेब्रुवारीत, एकदम नऊ जण येणार आहेत. मला माणसं तोडायची नाहीत, पण सोमवारी वर्गात उभं राहवत नाही. काय करू?
एक यजमान, इंदिरानगर

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्यात आणि तुम्ही त्या जोडल्याच नाहीत. मुलगा दहावीला, आणि पाहुणे फेब्रुवारीत. बोर्डाची लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि मार्चच्या मध्यापुढे संपते. तेव्हा नऊ जणांचा प्रश्न आजच्या एका फोनवर सुटतो: ‘पेपर झाले की या, तोवर द्राक्षंही असतात.’ दहावी म्हटल्यावर मराठी माणूस रुसत नाही. एरवी ज्या घरात टीव्हीचा आवाज कमी होत नाही, तिथेही दहावीच्या वर्षी कुजबुजत बोलतात. ही सवलत वर्षभरच मिळते, वापरून घ्या. फोन मात्र ह्यांनीच करायचा, कारण आमंत्रण त्यांनी दिलंय.

आता मूळ दुखण्याकडे. ‘कधीही या’ हे आमंत्रण प्रेमाचं असतं, पण त्यात तारीख नसते, आकडा नसतो, निघायची वेळ नसते. ती पोकळी मग पाहुणा आपल्या सोयीने भरतो. त्यातून जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाट टाळून येणं सोपं झालं. पूर्वी ‘घाटात अडकलो तर?’ या भीतीने जे लोक वर्षातून एकदा यायचे, ते आता शुक्रवारी रात्री आठला फोन करून शनिवारी न्याहारीला दारात उभे राहतात. त्यांचं काही चुकत नाही. तुमच्या घराने मात्र आता वेळापत्रक ठेवायला हवं.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर महिन्याच्या सुरुवातीलाच दोन रविवारांवर पेनने गोल करा. हे दोन आपले. उरलेल्यांत पाहुणे. ह्यांना फोन आला की त्यांनी एवढंच म्हणायचं: ‘या की! कॅलेंडर बघतो आणि संध्याकाळी सांगतो.’ ‘घरात विचारून सांगतो’ असं कधीही म्हणू द्यायचं नाही. त्या वाक्याने नकार तुमच्या नावावर चढतो आणि पुढच्या लग्नात चुलतसासूबाई तुमच्याशी तिरक्या बोलतात. कॅलेंडरवर कोणी रुसत नाही.

संध्याकाळी फोन नको, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जाऊ दे. लिहिलेलं सगळ्यांना दिसतं, नंतर ‘मला वाटलं’ होत नाही. साधारण असा:

‘शनिवारी संध्याकाळी या, रविवारचं दुपारचं जेवण करून निघा. किती जण, कशाने येताय आणि कोणाचे गुडघे दुखतात का, ते कळवा. रविवारी सकाळी गोदाघाट आपण मिळून करू. त्र्यंबक किंवा वायनरी करायची असेल तर तुमच्यासाठी गाडी ठरवून ठेवतो, नंबर पाठवतो.’

शेवटच्या वाक्यात सगळं आलं. गाडी ‘ठरवून ठेवतो’, म्हणजे पैसे बसणाऱ्याचे. एवढं लिहूनही पुन्हा विचारलं तर सरळ सांगायचं, ‘दिवसाचे अमुक होतात, तुम्ही त्यालाच द्या.’ भाड्याची गाडी बहुतेक आठ तास, ऐंशी किलोमीटरच्या हिशोबाने मिळते. त्र्यंबक जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, म्हणजे यात बसतं. वणीचा गड एका बाजूनेच साठच्या आसपास, तो बसत नाही, वरच्या किलोमीटरचे वेगळे पैसे पडतात. पार्किंग, टोल आणि ड्रायव्हरचं जेवण कोणाकडे, हे आधी विचारून घ्या, भांडणं तिथेच होतात. नऊ जणांना दोन गाड्यांपेक्षा एक टेम्पो ट्रॅव्हलर बरी. दोन गाड्या केल्या की एक नेहमी चहाला थांबते.

स्टेशनवर आणायला जाणंही बंद करा. मुंबईहून सकाळची वंदे भारत नऊच्या सुमारास नाशिकरोडला येते, आणि नेमक्या त्याच वेळी तुमच्या घरात न्याहारीची घाई असते. स्टेशनबाहेर रिक्षा आहेत, सिटीलिंकच्या बस आहेत. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवायचं, एवढं कळवलं की झालं.

रविवारची सकाळ मात्र मनापासून द्या. ‘मी तुमच्याबरोबर असेन’ असे दोन तास पाहुण्याला आठ तासांच्या फरफटीपेक्षा जास्त लक्षात राहतात. दिवसभर गाडीत कोंबून पाच ठिकाणं दाखवली की संध्याकाळी सगळे चिडलेले असतात, आणि जे पाहिलं त्यातलं निम्मं पार्किंग असतं.

साडेसहाला घरातून निघा, सातला मालेगाव स्टँडपाशी उतरा. स्वतःची गाडी पंचवटीच्या गल्ल्यांत नेऊ नका, बाहेर काढताना पाऊण तास जातो. तिथून खाली रामकुंडावर. पाण्याशी दहा मिनिटं, मग दुतोंड्या मारुतीपाशी पाहुण्यांना थांबवा. पुरात पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर नाशिककर पूर मोजतात, हे त्यांना तिथे उभं राहूनच कळतं. पलीकडे नारोशंकराच्या मंदिराच्या तटावर ती घंटा, मराठ्यांच्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेली. वरच्या अंगाला कपालेश्वर: महादेवासमोर नंदी नाही. मुलांना आधी उत्तर सांगू नका, ‘इथे काय कमी आहे?’ एवढंच विचारा. बहुतेक वेळा एखादी सात-आठ वर्षांची मुलगीच ओळखते.

मग काळाराम. तिथे ‘किती सुंदर दगड’ म्हणून फोटो काढून निघू नये. पूर्व दरवाजात पाच मिनिटं थांबा आणि २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं लढवला आणि दरवाजे तेव्हा उघडले नाहीत, हे सोबतच्या मुलांना सांगा. देवळाइतकंच हेही नाशिक आहे. तिथून सीता गुंफा दोन मिनिटांवर. आत वाकून, काही ठिकाणी जवळजवळ बसून सरकावं लागतं. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना बंद जागेत घाबरायला होतं किंवा ज्यांचा रक्तदाब वाढलेला असतो, त्यांनी बाहेर वडाखाली बसावं, नाहीतर मागची रांग अडते आणि तुमची मामी मध्येच रडायला लागते. नऊपर्यंत हे सगळं होतं. रामनवमीच्या आसपासचे दिवस तेवढे टाळा, तेव्हा काळारामाकडे पाय ठेवायला जागा नसते. पाहुणे बुधवारी असतील तर घाटावरचा आठवडेबाजार हे वेगळं बक्षीस.

त्र्यंबकेश्वर या सकाळीत घुसडू नका. रविवारी, सोमवारी आणि सुट्टीत रांग तीन-चार तासांची सहज होते, श्रावणातल्या सोमवारचं आणि महाशिवरात्रीचं तर बोलायलाच नको. ज्यांना दर्शन घ्यायचंच आहे त्यांनी मधला वार निवडावा, पहाटे साडेचारला गाडीत बसावं, मंदिर उघडताना रांगेत असावं. तुम्ही त्यात असण्याचं काही कारण नाही. परतीच्या वाटेवर अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, रांगेत वैतागलेल्यांचं डोकं तिथे शांत होतं. आणि कोणाला देवदर्शनात रस नसेल तर पांडवलेणी: पंधरा-वीस मिनिटांची चढण, चोवीस लेणी. सगळी बघायला गेलात तर सातव्या लेण्यात सगळ्यांचे डोळे फिरतात. तिसरं, दहावं आणि अठरावं एवढी पुरतात. दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाच्या घराण्याचे लेख आहेत, तिसऱ्यात त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्राच्या आईचा. एकाच डोंगरात हरलेला आणि जिंकलेला असे शेजारी. उन्हाळ्यात नऊच्या आत खाली उतरायचं.

वायनरीला तुम्ही जाऊच नका, असं मत आहे. रविवारी संध्याकाळी गंगापूर रोडने परत येणं म्हणजे शिक्षा, आणि चाखणाऱ्यांच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणून तुमच्या ह्यांनी कोरडं बसणं ही दुसरी. त्यांना भाड्याच्या गाडीने जाऊ द्या. सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न असेल तर ‘द्राक्षांचे मळे बघायला गेलेत’ हे खोटं नाही, आणि सासूबाईंनाही ते कळतं.

आता मिसळ. दहा माणसं घेऊन रविवारी दहा वाजता नावाजलेल्या ठिकाणी गेलात तर तासभर उभं राहणं आलंच. पाहुण्यांना बाहेरचीच हवी असेल तर आठच्या आत जा आणि बिल आळीपाळीने द्या. ‘मागच्या वेळी आमच्याकडे होतं, आज तुमच्याकडे’ हे हसत, बिल टेबलावर यायच्या आधी म्हणायचं. बिल आल्यावर म्हटलं की ते टोमण्यासारखं लागतं.

पण घरची मिसळ स्वस्त पडते, आणि काम आदल्या दिवशी उरकत असल्याने सकाळी घाटावर जायला तुम्ही मोकळ्या राहता. बारा जणांचं प्रमाण असं: मटकी कोरडी ६०० ग्रॅम, फरसाण एक किलो, पाव चार डझन, दही सव्वा किलो, कांदे बारीक चिरायला सहा, लिंबं सहा, पापड पंधरा. वाटणासाठी कांदे आणखी सहा, सुकं खोबरं दीड वाटी, लसणीचे दोन गड्डे, दोन इंच आलं. तेल पाव लिटर. हे वाचून हात आखडू नका, तेल कमी केलं की तर्री येत नाही आणि मग नाशिकला येऊन ही कसली मिसळ, असं मनातल्या मनात म्हटलं जातं.

मटकी शुक्रवारी रात्री भिजत घालायची, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची. मार्चच्या उकाड्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत मात्र अठरा-वीस तास लागतात, तेव्हा गाठोडं झाकणाच्या डब्यात ठेवून डबा उबेला ठेवा. फडकं चिकट झालं किंवा आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं, ती मटकी वापरू नका. कुकरला लावू नका. एक शिट्टी जास्त झाली की लगदा होतो. उघड्या पातेल्यात हळद-मीठ घालून बारा ते पंधरा मिनिटं, दाण्याला बोट लावलं की दबावा पण फुटू नये.

वाटण शनिवारी संध्याकाळी करून ठेवा. कांदा काळपट होईपर्यंत भाजायचा, खोबरं मात्र तांबूस झालं की लगेच उतरवायचं. खोबरं जळलं तर रस्सा कडवट होतो आणि त्याला गूळही वाचवत नाही. रविवारी तेल तापलं की आच कमी करून आधी वाटण, ते कडेने तेल सोडेपर्यंत परतायचं, दहा मिनिटं तरी. मग चार मोठे चमचे काळा मसाला, दोन चमचे लाल तिखट, अर्धा मिनिट, आणि लगेच उकळतं पाणी साडेचार लिटर. गार पाणी घातलं की तेल आत जिरतं, वर येत नाही. ‘आमच्याकडे कट येतच नाही’ म्हणणाऱ्या दहातल्या आठ घरांत चूक इथेच असते. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, झाकण अर्धं. वर आलेली तर्री पळीने एका वाडग्यात काढून टेबलावर वेगळी ठेवा, ज्याला झेपेल त्याने घ्यावी. उसळ रश्शात मिसळू नका. मुलांना आणि सासूबाईंना तीच उसळ दह्यात कालवून देता येते, वेगळा स्वयंपाक लागत नाही.

वाढायचं काम पुरुषांकडे. पाव कापणं, कांदा चिरणं, ताटं उचलणं हे पाहुण्यांना निःसंकोच सांगा. रिकाम्या हाताने बसलेला पाहुणा अवघडतो किंवा टीव्ही लावतो.

नऊ पाहुणे आणि घरचे चार, म्हणजे तेरा अंघोळी. तुमचा गीझर पंधरा लिटरचा असेल तर एका वेळी गार पाणी मिसळून दोनेक बादल्या निघतात आणि पुन्हा तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सगळ्यांनी सकाळीच अंघोळ करायचं ठरवलं तर शेवटच्या माणसाची पाळी येईपर्यंत अडीच तास जातात. सातला घाटावर पोचायचं विसरा. निम्म्यांनी शनिवारी रात्री अंघोळ करायची, हे जेवणाच्या पानावरच जाहीर करून टाका. गाद्या कमी पडत असतील तर मंडपवाल्याकडून एका रात्रीपुरत्या भाड्याने मिळतात, शेजाऱ्यांकडे मागत फिरण्यापेक्षा बरं.

सासूबाईंचं म्हणणं खोडू नका, त्यांना काम द्या. शनिवारी रात्रीच्या गप्पा, जुने अल्बम, कोण कोणाचं कोण, हे खातं त्यांचं. आठ ते दहा त्या पाहुण्यांबरोबर बसल्या की तुम्हाला वह्या तपासायला दोन तास मिळतात. पाहुणा येणं भाग्याचं असेल तर ते भाग्य वाटून घ्यायला हरकत नसावी.

निघताना पिशवीत काय द्यायचं याचाही ताण तुम्ही घेत असाल. चिवड्याचं एक पाकीट आणि द्राक्षं, बस. द्राक्षं घेताना देठ बघा: हिरवा, टवटवीत हवा, तपकिरी वाळका असेल तर घड जुना. मण्यांवर पांढरी साय असते, ती औषधाची असेल या भीतीने पुसू नका, बहुतेक ती मण्याची स्वतःचीच असते. धुवायचं ते खाताना, आधी धुऊन डब्यात भरली तर मुंबईला पोचेपर्यंत पाणी सुटतं. आणि जुलैत येऊन ‘द्राक्षं कुठे मिळतील?’ विचारणाऱ्यांना सांगा की एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळाची छाटणी, माल जानेवारी ते एप्रिल. पावसाळ्यात वेलीवर नुसती पानं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण आत्ताच ठरवा: २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा. मोठ्या पर्वण्या त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. पर्वणीला गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर अडवल्या जातात, त्यामुळे स्नानाला येणारा पाहुणा आदल्या दिवशी येऊन दुसऱ्या दिवशी निघू शकत नाही. दोन दिवस आधी, दोन दिवस नंतर, म्हणजे एका डुबकीसाठी चार मुक्काम. एका पर्वणीला एकच कुटुंब, आणि पहिला फोन आला त्याचा पहिला नंबर. हे ह्यांच्याकडून कौटुंबिक ग्रुपवर या दिवाळीच्या आत टाकून घ्या. दोन फोन येतील, एखादे काका ग्रुप सोडतील आणि चार दिवसांनी परत येतील. तोवर मुलाचे पेपर होऊन जाऊ द्यात.